सी ड्राइव्हमधला दगड

“मॅडम, लोकल टाकू का सर्व्हरवर?”

झुबेर शेख माझ्या टेबलाखाली कमरेपर्यंत शिरला होता आणि तिथूनच विचारत होता. आमच्या ऑफिसला कॉम्प्युटर पुरवणाऱ्या दुकानाचा तो माणूस. तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, कपाळावर कायम धुळीचा एक पट्टा. टेबलावर नव्या सॉफ्टवेअरचा खोका उघडा पडला होता. त्यात एक सीडी, एक जाडजूड पुस्तक आणि काड्यापेटीएवढं प्लास्टिकचं एक कुलूप. त्याला डोंगल म्हणायचे. ते कॉम्प्युटरच्या पाठीला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही.

“फरक काय पडतो?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“सर्व्हरवर टाकलं तर चारही मशीनवरून चालेल. एका वेळी एकच जण, पण कोणीही. लोकल टाकलं तर फक्त तुमच्या मशीनवर.” तो बाहेर आला आणि गुडघे झाडत म्हणाला, “सर तर सर्व्हरवर म्हणत होते.”

“आणि स्पीड?”

“स्पीड लोकललाच. आपली केबल जुनी आहे ना.”

“मग लोकल टाका.”

“सरांना विचारू का एकदा?”

“मी सांगते सरांना. तुम्ही टाका.”

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. नाशिकला शरणपूर रोडवर, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर, आर्किटेक्ट उपासनींचं ऑफिस होतं. मी तिथे बावीस वर्षं ड्राफ्ट्सवुमन होते. म्हणजे सर कच्चं काढणार आणि मी ते ट्रेसिंग पेपरवर पक्कं करणार. नकाशाच्या कोपऱ्यात अगदी बारीक चौकट असते, त्यात ‘रेखाटन : शा. क.’ एवढी माझी ओळख. शालन कर्णिक. गिऱ्हाईक आलं की केबिनमध्ये चहा किती कप पाठवायचा हे मला विचारलं जायचं. नकाशा मी काढला असला तरी आत मला बोलावणं नसायचं. यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं, मलाही नाही. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या भाचीच्या वयाच्या मुलींबरोबर बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि पहिल्यांदाच सर म्हणाले, “कर्णिकबाई, आत या. बसा.”

त्या ‘बसा’ची मला सवय लागली होती.

दामोदर बागूल हे आमच्याकडचे पर्स्पेक्टिव्ह काढणारे. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याचं रंगीत चित्र. आधी ते बागलाणात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. सरांनीच कुठल्याशा प्रदर्शनात त्यांचं काम पाहून नाशिकला आणलं. ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांनी रंगवलेलं चित्र समोर ठेवलं की गिऱ्हाईक भावाबद्दल बोलायचं विसरायचं. पण अठ्ठ्याण्णव सालापर्यंत हवा बदलली होती. “कॉम्प्युटरवरचं चित्र नाही का?” असं लोक विचारायला लागले होते. म्हणून तर हे रेंडरिंगचं सॉफ्टवेअर आलं.

संध्याकाळी सर साइटवरून परतले आणि माझ्या टेबलापाशी थांबले.

“सर्व्हरवर नाही टाकलं?”

“केबल जुनी आहे सर. एकेक फाइल उघडायला अर्धा अर्धा तास लागेल. झुबेरभाईंना विचारा.”

अर्धा तास हे मी माझ्या मनाचं सांगितलं. तीन-चार मिनिटं लागली असती.

“मग बागूलांचं काय? त्यांच्या खोलीत ते जुनं मशीन आहे, त्यावर शिकतील असं मी धरलं होतं.”

“माझ्या मशीनवर बसतील की. सकाळी आठ ते साडेनऊ, मी येईपर्यंत. थोडं लवकर येऊन शिकवीन मी.”

सरांना बरं वाटलं. “बघा बाई, तुमच्यावर आहे. दिवाळीपर्यंत वाट बघतो. हाताने काढलेलं आता कोणी घेत नाही, आणि नुसतं बसवून ठेवणं मला परवडायचं नाही. त्यांनाही मी तसं सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी आठला मास्तर माझ्या खुर्चीत बसले होते. बसण्याआधी त्यांनी चप्पल बाहेर काढून ठेवली होती. माउस त्यांनी ब्रशासारखा चिमटीत धरला आणि सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला नेला.

“बाई, टेबल संपलं.”

“उचला आणि परत मध्ये ठेवा.”

“उचललं तर रेघ तुटेल ना.”

“नाही तुटत.”

“असं कसं?” ते म्हणाले आणि बराच वेळ नुसता माउस उचलून ठेवून बघत राहिले. मी हसले तर तेही हसले. “हसा. मी तुम्हाला वॉश शिकवताना कागदाची चाळण केली होतीत, ते विसरलात.”

ते खरं होतं. रंगाचा पातळ हात कसा मारायचा ते मला त्यांनीच शिकवलं होतं, नोकरीला नवी लागले तेव्हा.

एकदा कॉम्प्युटर चित्र बनवायला लागला की पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जायची. मास्तर त्याला भात म्हणायचे. मी आले की विचारायची, “किती झाला भात?” आणि ते म्हणायचे, “चाळीस टक्के. अजून कणी आहे.”

एकदा मात्र भात शिजत असताना पट्टीकडे बघत ते म्हणाले, “मला अजून पाच वर्षं काढायची आहेत बाई. विद्याचं यंदा डी.एड.चं पहिलं वर्ष. तिला शिक्षिका झालेली बघितली की मग मी कुठेही बसून पाट्या रंगवीन.”

“होईल मास्तर. येतंय तुम्हाला.”

येत होतं, हीच तर अडचण होती. पहिले पंधरा दिवस मी निश्चिंत होते. मग एका सोमवारी त्यांनी झोळीतून एक ड्रॉइंगचा कागद काढला. त्यावर जलरंगात फक्त दगड रंगवला होता. आपला काळा दगड, घडवलेला, छिन्नीच्या खुणांसकट, सांध्यांतून चुना ओघळलेला.

“हा त्या स्कॅनरमध्ये घातला तर भिंतीला चिकटवता येईल का?”

चिकटवता आला. सॉफ्टवेअरबरोबर तयार दगड आले होते, तेच मी वापरायची आणि माझ्या इमारती साबणाच्या वड्यांसारख्या दिसायच्या. मास्तरांची भिंत पडद्यावर आली तेव्हा मला वाटलं, हात लावला तर गरम लागेल.

“ऊन चार वाजताचं ठेवलंय,” ते म्हणाले. “बाराच्या उन्हात माणूससुद्धा वाईट दिसतो.”

त्या दिवशी सर लवकर आले. माझ्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी पडदा पाहिला. आधी घाईत, मग चष्मा बदलून.

“हे कोणी केलं?”

“मास्तरांनी,” मी म्हणाले.

सर नुसते उभे राहिले. बावीस वर्षांत माझ्या कामापुढे ते इतका वेळ कधी उभे राहिले नव्हते. जाताना म्हणाले, “कॉलेजचा दर्शनी भाग बागूलांना द्या. आतला चौक तुम्ही करा.”

कॉलेज म्हणजे निफाडकडच्या एका शिक्षणसंस्थेचं. त्या वर्षीचं आमचं सगळ्यात मोठं काम. ऑक्टोबरात, दिवाळीला दहा-बारा दिवस असताना, संस्थेचे अध्यक्ष आणि दोन संचालक बघायला येणार होते. अध्यक्षांची एक अट होती. छापलेलं चित्र नको, कॉम्प्युटरवर समोर दाखवा, खिडक्यांचा रंग बदलून बघायचा आहे. म्हणून ठरलं असं की सरांच्या केबिनमधल्या मोठ्या पडद्याच्या मशीनवरही सॉफ्टवेअर घालायचं, त्या सकाळी माझ्या मशीनचं डोंगल काढून तिकडे लावायचं, आणि चहा होईपर्यंत लहान आकाराचं चित्र तिथेच बनवून दाखवायचं. मोठं चित्र रंग पसंत पडल्यावर. झुबेरने आदल्या दिवशी येऊन केबिनमधलं काम केलं. मला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं आणि गेला.

गुरुवार होता. अकराची वेळ दिली होती. मी आठलाच आले. मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, केसांना तेल लावलं होतं, एखाद्याच्या साखरपुड्याला निघाल्यासारखे.

“फाइल काल सर्व्हरवर ठेवलीय,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलं तसं. केबिनमधून उघडते का तेही बघितलं, नाव दिसतंय. अजून काही करायचं राहिलंय का?”

मी डोंगल काढत होते. खाली वाकलेली होते, त्यामुळे त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

“नाही मास्तर. झालं सगळं.”

“मग ठीक. मला आपलं उगीच धडधडतंय.”

मंडळी वेळेवर आली. अध्यक्ष धोतर-टोपीतले, बोलायला मोकळे. सरांनी ओळख करून दिली, “हे बागूल, आमचे चित्रकार. आता कॉम्प्युटरवरही तेच.” मास्तरांनी नमस्कार केला आणि मशीनपुढे बसले. मी त्यांच्या शेजारी उभी. त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर एक चौकट आली, इंग्रजीत, लांबच लांब यादी असलेली. मास्तरांचं इंग्रजी बेताचं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“ओके करा,” मी म्हणाले.

त्यांनी ओके केलं आणि चित्र बनवण्याचं बटण दाबलं. सर अध्यक्षांना वसतिगृहाचं सांगत होते. चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरायला लागलं. आधी आभाळ. निळं, छान. मास्तर जरा सैलावले. मग गच्ची आली, राखाडी. मग भिंत. भिंतही राखाडी. झाडं राखाडी, पायऱ्या राखाडी. दगडाचा पत्ताच नाही. वरून निळं आभाळ आणि खाली सिमेंटात बुडवून काढल्यासारखी एक इमारत.

“हे अजून कच्चं आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“काल रंग होते साहेब,” मास्तर म्हणाले. “काल सगळं होतं.”

“बागूल, परत करून बघा,” सर म्हणाले.

त्यांनी परत केलं. परत तेच उतरलं. या वेळी आभाळ आल्यावर सगळे खालची भिंत यायची वाट बघत राहिले. मास्तरांचा माउसवरचा हात घामाने सरकत होता.

“काल होते,” ते पुन्हा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, “बाई, तुम्ही बघितले होतेत ना?”

“हो सर, होते,” मी म्हणाले. “काहीतरी गडबड झाली असेल.”

“तुमचा चौक उघडा,” सर मला म्हणाले.

मास्तर खुर्चीतून उठले. मी बसले. माझा चौक उघडला, सगळ्या रंगांसकट. लाल विटा, हिरवं गवत, खिडक्यांच्या निळ्या पट्ट्या. साबणाची वडी होती ती, पण रंगीत होती. अध्यक्षांनी खिडक्या पिवळ्या करून पाहिल्या, परत निळ्या केल्या, खूश झाले. “बाईंचं काम चोख आहे,” ते म्हणाले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, पाहुण्यांना आपली अडचण होऊ नये अशा बेताने.

सर त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित मी तोंड उघडलं असतं. चार दिवसांनी मास्तर आपणहूनच केबिनमध्ये गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

“माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असणार,” ते मला म्हणाले. “हे यंत्र माझ्यासारख्याचं नाही बाई. सरांची आणखी शोभा नको. शाळेतल्या जुन्या ओळखी आहेत गावाकडे, बघू.”

“अहो, एवढ्यात सोडू नका,” मी म्हणाले. खरंच म्हणाले असं मी. आणि त्यांनी ऐकलं नाही याचं मला हायसं वाटलं.

दिवाळीनंतर झुबेर आला, सर्व्हरचं काहीतरी बघायला. मास्तरांची खोली रिकामी बघून त्याने विचारलं. मी सांगितलं.

“राखाडी?” तो म्हणाला. “सगळी राखाडी?”

“हो.”

“मग त्यांचे टेक्स्चर कॉपी नव्हते केले तुम्ही, मॅडम. मी सांगितलं होतं ना आदल्या दिवशी? लोकल टाकलंय म्हणून दगड-विटांची चित्रं सगळी तुमच्याच सी ड्राइव्हमध्ये आहेत. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली तर तिला ती सापडणार नाहीत. दोन फोल्डर आहेत, दोन्ही तिकडे टाका, म्हटलं होतं. तुमचं आणि बागूलसाहेबांचं.”

“विसरले,” मी म्हणाले.

“तुमचं तर टाकलं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वायरी गोळा करून पिशवीत भरल्या. “सर्व्हरवर टाकलं असतं तर हे झालंच नसतं,” एवढं पुटपुटला आणि गेला. पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही, आणि माझ्याकडे कधी चहाही घेतला नाही.

विसरले नव्हते. बुधवारी संध्याकाळी मी माझं फोल्डर केबिनमधल्या मशीनवर टाकलं, आणि मग त्याच्याखालच्या फोल्डरवर आले. त्यावर नाव होतं, बागूल. बाण त्या नावावर होता. एकदा दाबायचं, दोन मिनिटं थांबायचं, एवढंच काम होतं. मी मशीन बंद केलं आणि घरी गेले. रात्री नीट जेवले. सकाळी ‘झालं सगळं’ म्हणाले. ती यादीची चौकट आली तेव्हा त्यात काय लिहिलंय तेही मला वाचता येत होतं. न सापडलेल्या फाइलींची नावं होती ती, एकाखाली एक, आणि मी म्हणाले, ओके करा.

केबलचं कारणही असंच. मास्तरांना माझ्या खुर्चीत, माझ्या वेळेत, माझ्या हाताखाली ठेवायचं होतं मला. सर्व्हरवर टाकलं असतं तर ते आपल्या खोलीत बसून शिकले असते, माझ्या परवानगीशिवाय.

आणि खरी लाजेची गोष्ट अजून पुढेच आहे. त्या गुरुवारी दुपारी मी डोंगल परत माझ्या मशीनला लावलं आणि मास्तरांची फाइल उघडली. चार वाजताचं ऊन, काळा दगड, सांध्यांतला चुना. सगळं जागच्या जागी होतं. मास्तर तेव्हा त्यांच्या खोलीत बसलेले होते, वीस पावलांवर. हाक मारली असती तर आले असते. मी फाइल बंद केली.

दगड मात्र ठेवला. पुढची अकरा वर्षं मी तो वापरला. शाळा, दवाखाने, बंगले, एका देवळाची कमानसुद्धा. मशीनं बदलली, सॉफ्टवेअर बदलली, दर वेळी मी ते फोल्डर आठवणीने नव्या मशीनवर टाकलं. तेव्हा नाही विसरले कधी. फोल्डरचं नाव तेवढं बदलून टाकलं. सर पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या कर्णिकबाईंसारखा दगड नाशकात कोणाला जमत नाही.” मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर सटाण्याला एका लग्नाला गेले होते. तिथे कोणाच्या तरी तोंडी बागूल मास्तरांचं नाव आलं. घर जवळच होतं. नाही गेले असते तरी चाललं असतं, पण पाय वळले.

मास्तर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. पार वाळले होते, कान अधू झाले होते, पण मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

“कर्णिकबाई? अगं विद्या, बघ कोण आलंय. या बाई. बसा.”

विद्या माहेरपणाला आली होती. चाळिशी गाठलेली, हसऱ्या तोंडाची बाई. मास्तरांनी तिच्यादेखतच सगळी हकीगत सांगितली. गावी आल्यावर वर्षभर काही जमलं नाही, त्यात हिचं डी.एड. अर्धंच राहिलं, मग लग्न करून दिलं; जावई देवमाणूस मिळाला. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तक्रारीचा सूर नव्हता.

“कॉम्प्युटरला मात्र पुन्हा हात लावला नाही,” ते म्हणाले. “नातू म्हणतो, आजोबा शिका. मी म्हणतो, नको बाबा, एकदा हसं झालंय.”

मग ते थोडे पुढे झुकले.

“बाई, एक विचारायचं होतं तुम्हाला. मनातून जात नाही. त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं होतं?”

विद्याही ऐकायला थांबली, हातात पोह्यांच्या बशा घेऊन.

“तुमचं काही चुकलं नव्हतं, मास्तर,” मी म्हणाले. मग जोर करून म्हणाले, “चूक माझी होती.”

त्यांनी कानाला हात लावून ते ऐकलं आणि हसले.

“बघ विद्या. शिकवणाऱ्याने चूक आपल्यावर घ्यायची असते, मीही शाळेत तेच करायचो. या पहिल्यापासून अशाच.” आणि मला म्हणाले, “तुम्ही रोज लवकर यायचात माझ्यासाठी. सख्खी बहीण करणार नाही. मी विसरलेलो नाही, बाई.”

मला बोलायचं होतं. फोल्डर, ती यादी, दगड, सगळं क्रमाने सांगायचं होतं. तेवढ्यात विद्याने बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “घ्या ना. गरम आहेत तोवर.”

मास्तर माझ्याकडे बघत होते, खूश होऊन. मी एक घास घेतला.

“छान झालेत,” मी म्हणाले.